गव्हाणीपाशी उभं राहून

पश्चिम महाराष्ट्रातल्या जवळपास कुठल्याही गावात सकाळी दूध संकलन केंद्रावर रांग लागते. किटल्या, कॅन, मोटारसायकलला दोन्ही अंगांनी लटकवलेल्या घागरी. नमुना घेतला जातो, मशीनची नळी त्यात बुडते आणि आकडे उमटतात: फॅट ३.१, एसएनएफ ८.२. गायीच्या दुधाचा दर ३.५ आणि ८.५ या दोन आकड्यांना बांधलेला. त्याखाली पॉइंटागणिक कपात. मग ठरलेलं बोलणं सुरू होतं. मशीन मुद्दाम खाली लावलंय, काल तर ३.६ लागली होती, शेजाऱ्याच्या पाणीदार दुधाला बरी फॅट लागते. ही तक्रार दर वेळी खोटी असते असं नाही. काट्यात आणि मशीनमध्ये शेतकऱ्याला नागवण्याचे प्रकार होत आलेत, पण तो वेगळ्या पुस्तकाचा विषय. मशीन सरळ असतं तेव्हाही आकडा हलतो, आणि त्याला हलवणारी गोष्ट बहुतेकदा आदल्या काही दिवसांत गव्हाणीत घडून गेलेली असते.

गायीला किती किलो हिरवी वैरण, किती वाळली, लिटरमागे किती पेंड, याचे तक्ते आपल्याकडे मुबलक आहेत. कृषी विद्यापीठांच्या दैनंदिनीत आहेत, दूध संघांच्या पत्रकांत आहेत, पेंडीच्या पोत्यावरही छापलेले असतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तर २०१२ पासून गावोगाव आहार संतुलनाचा कार्यक्रम चालवून गायीगणिक हिशेब करून दिला. या सगळ्याबद्दल आदर ठेवून सांगतो, तक्त्यात गाय नसते. तक्त्यात असतो तो चारा. समोर पडलेला चारा गाय कोणत्या क्रमाने खाते, काय बाजूला सारते, कोणाला ढकलते, कोणाला भिऊन मागे सरते, खाऊन झाल्यावर बसते की उभीच राहते, बसली तर रवंथ करते की नुसतीच बघत राहते, हे कुठल्याही तक्त्याला दिसत नाही. आणि दुधाची प्रत ठरते ती बरीचशी तिथे. एवढीच गोष्ट सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं.

आधी थोडं पोटाविषयी, कारण त्यावाचून पुढचं काही उलगडत नाही. आपण गायीला चारा घालतो असं म्हणतो, पण तो आधी पोहोचतो तिच्या कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांना. संकरित गायीच्या या पोटात शंभर लिटरच्या वर ऐवज मावतो. कडब्यातला तंतू पचवायची ताकद गायीच्या स्वतःच्या पाचकरसांत नाही. ते काम हे जीव आंबवून करतात आणि त्यातून आम्लं तयार होतात. वैरणीचा वाटा मोठा असला की अॅसेटिक आम्ल जास्त निघतं, आणि कासेत फॅट घडते ती बरीचशी त्यातून. धान्याचा, भरड्याचा वाटा वाढला की प्रोपिओनिक आम्लाचं प्रमाण वाढतं. यकृतात त्याचं ग्लुकोज होतं, ग्लुकोजमधून दुधातली साखर, आणि त्या साखरेच्या मागोमाग पाणी कासेत येतं. म्हणजे दूध वाढतं. पेंड वाढवली की दूध वाढतं हा शेतकऱ्याचा अनुभव खराच आहे. त्याच पेंडीने फॅट पडते, हा अनुभवही तितकाच खरा. दोन्हींचं मूळ एकच आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

ही आम्लं साचू नयेत म्हणून गायीकडे स्वतःची सोय असते, ती म्हणजे रवंथ. धडधाकट गाय दिवसातून सात-आठ तास रवंथ करते. गिळलेला घास पुन्हा तोंडात, त्याला पन्नास-साठ वेळा चावणं, पुन्हा गिळणं. या चावण्यातून दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ पोटात उतरते आणि त्या लाळेत सोडा असतो, आपल्या स्वयंपाकघरातल्या खायच्या सोड्याच्या जातीचा. चारा लांब आणि खरबरीत असेल तर ती जास्त चावते. कुट्टी यंत्रातून भुसा होईस्तोवर बारीक केलेला असेल तर चावायला काही उरत नाही, लाळ कमी होते, पोटाचा सामू सहाच्या खाली घसरू लागतो. मग पशुखाद्याच्या दुकानात सोड्याची पुडी मिळते. पुडीने फरक पडतो, नाही असं नाही. पण जी वस्तू गाय फुकटात बनवते तिच्यासाठी पैसे मोजण्याआधी कुट्टी यंत्राची पाती तपासलेली बरी.

सामू असा दिवसचे दिवस खाली राहिला तर गाय काही लगेच आजारी पडून आडवी होत नाही. एक दिवस ती झडझडून खाते, दुसऱ्या दिवशी गव्हाणीत तोंड घालून नुसतं हुंगते. शेण पातळ होतं, त्यात मक्याचे दाणे जसेच्या तसे दिसतात. बसलेल्या गायींत रवंथ करणाऱ्या निम्म्याहून कमी भरतात. फॅट खाली येते, त्यातही सरकी, सोयाबीन, मका अशा तेलकट खाद्यांचा भर असेल तर जास्तच. कारण आंबट झालेल्या पोटात त्या तेलांचं रूपांतर अर्धवट आणि आडवाटेने होतं, आणि त्यातून निघालेली काही स्निग्धाम्लं अगदी थोड्या ग्रॅमांत कासेतलं फॅटचं काम मंदावतात. काही आठवड्यांनी खुरं दुखू लागतात. तोपर्यंत मूळ कारण विसरलेलं असतं आणि खुरांवर वेगळा उपचार चालू असतो.

याचंच भडक रूप लग्नसराईत दिसतं. मांडवात उरलेला भात, पुऱ्या, जिलेबी टोपलीभर आणून गायीपुढे ठेवली जाते. वाया कशाला घालवायचं, शिवाय गायीच्या मुखी गेलं तर पुण्यही लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या खाऊन बसलेले बैल असतात, पितृपक्षात गोग्रास घ्यायला दहा घरांच्या दारात थांबलेली गाय असते. शिजवलेलं पिठूळ अन्न पोटात झपाट्याने आंबतं, गाय सुस्त होते, दात खाते, पोट डबडबतं. वेळेत उपचार मिळाला नाही तर ती दगावते. गोग्रास घालायचाच तर घासभर घालावा. नावातच घास आहे.

फॅटचा आकडा वर गेला म्हणजे सगळं आलबेल, हाही एक गोड गैरसमज. नुकतीच व्यालेली, भरपूर दूध देणारी गाय खाऊन तेवढी ऊर्जा मिळवू शकत नाही, म्हणून अंगावरची चरबी जाळते. ती चरबी दुधात उतरते आणि फॅट चार, सव्वाचार लागते. मालक खूश. एसएनएफ मात्र मलूल असतो, गाय पेंडीला तोंड लावत नाही, कडब्याकडे वळते, पाठीची हाडं दिसू लागतात आणि श्वासाला एक गोडसर वास येतो. ही कितनबाधेची सुरुवात. म्हणून या पुस्तकात फॅट कुठेही एकटी वाचलेली नाही. दर वेळी तिच्या शेजारी एसएनएफ ठेवलाय, आणि दोघांच्या शेजारी गाय.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या वाचकांसाठी वाढ्यांवर मुद्दाम जास्त लिहिलंय. कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू झाले की उसाचे शेंडे स्वस्तात मिळतात, ऊसतोड कामगारांच्या तळावर मोळ्या विकायला असतात आणि चार-पाच महिने कित्येक गोठ्यांत दुसरं हिरवं दिसत नाही. गायींना वाढे आवडतात, पोट भरल्यासारखं दिसतं, दूधही तुटत नाही. पण वाढ्यांत ऑक्झलेट असतं आणि ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं. गायीला ते मिळत नाही. एक लिटर दुधातून साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम बाहेर जातं. पंधरा लिटरच्या गायीचं रोज किती जात असेल ते पाहा, आणि तिने ते आणायचं कुठून याचा विचार करा. ती हाडांतून काढते. मग तिसऱ्या-चौथ्या वेताला व्याल्याबरोबर गाय मान पोटाकडे वळवून बसून राहते, कान गार पडतात, आणि दुग्धज्वराची सलाईन लावायला रात्री डॉक्टरांना उठवावं लागतं. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायचा सल्ला जुना आणि चांगला आहे. वाढे निम्म्यावर आणून बाकी मका, लसूणघास, कडबा घालणं त्याहून चांगलं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले यशवंत, फुले जयवंत यांसारखे संकरित नेपियरचे वाण दिले ते असल्या दिवसांसाठीच. पण बांधावरच्या दोन गुंठ्यांत गवत लावायचं की तिथेही ऊसच घुसवायचा, हा निर्णय गायीच्या हातात नसतो.

मुक्त गोठ्याने गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदल घडवला आणि तो एकंदरीत चांगला आहे. दावणीची गाय मालक पाजेल तेव्हा पाणी पिते. मोकळी गाय तहान लागेल तेव्हा पिते, आणि लिटरभर दुधामागे तिला चार-पाच लिटर पाणी लागत असल्याने हा फरक थेट कॅनमध्ये दिसतो. पण दावणीला एक गुण होता, तो आपण हिशेबात धरला नाही. तिथे प्रत्येकीचं ताट वेगळं होतं. गायी मोकळ्या झाल्या तशा त्यांच्यातल्या मानपानाचं राज्य सुरू झालं. वैरण टाकल्यावर पाव तास गव्हाणीपाशी उभं राहून पाहा. एक शिंगाळ, थोराड गाय येते, तिच्या नुसत्या मान वळवण्याने दोघी बाजूला होतात. दोन वेत झालेल्या मधल्या गायी जागा धरतात. पहिलारू कालवडी मागे उभ्या राहतात, अधूनमधून घाईने दोन घास ओढतात, पुन्हा मागे. गायीमागे गव्हाणीची दोन फूट जागा धरावी असं सांगतात. शिंगं असतील तर तीही कमीच पडते. जागा वाचवायला ती दीड फुटावर आणली की मागच्या मागेच राहतात.

आता यात गायींची निवड मिसळा. कुट्टी, मुरघास, पेंड एकत्र कालवून घातली तरी गाय जिभेने, नाकाने मिश्रण विस्कटते, पिठूळ, दाणेदार तेवढं वेचते आणि ताटांचे तुकडे बाजूला सारते. पहिल्या तासाला जी खाते तिच्या वाट्याला भरडा जास्त येतो, तिचं पोट आंबट होतं. दोन तासांनी जिला जागा मिळते तिच्या वाट्याला काड्या, ती उपाशी. एकाच गव्हाणीवर एक गाय अजीर्णाने आणि दुसरी भुकेने खंगते. दोघींचं दूध मात्र एकाच कॅनमध्ये जातं आणि फॅट मध्यम लागते. सरासरीने झाकलेलं हे दुखणं केंद्रावरच्या पावतीत कधीच सापडणार नाही. उपाय काही महागडे नाहीत: मिश्रणावर थोडं पाणी शिंपडणं म्हणजे पीठ काडीला चिकटतं, दिवसातून दोनऐवजी तीन-चार वेळा वैरण टाकणं, पहिलारूंचा वेगळा कप्पा. उन्हाळ्यात जास्तीचा वाटा रात्री आणि पहाटे घालावा, कारण होल्स्टीनचं रक्त असलेली गाय एप्रिलच्या दुपारी सावलीतसुद्धा धापा टाकत असते. तेव्हा ती खाणार नाही, आणि पचवताना होणारी उष्णता तिला नकोच असते.

खाण्याच्या वेळेचा आणखी एक उपयोग मला फार आवडतो. धार काढल्यावर सडाचं छिद्र पूर्ण मिटायला अर्धा-एक तास जातो. तेवढ्यात गाय ओल्या शेणात बसली की जंतू आत शिरायला वाट मोकळी, आणि कासदाहाला निमंत्रण. तिला उभं कसं ठेवायचं? धार संपताच ताजी वैरण टाका. गाय आपोआप उभी राहते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मरिना फॉन कायझरलिंक, डॅन वेअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गायींच्या वागण्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. गायींना गव्हाणीकडे खेचणारी मुख्य गोष्ट ताजा चारा पडणं ही असते, धारेहून परतणं ही तितकी नाही, हे त्यांच्या अभ्यासात स्पष्ट दिसतं. त्यांचाच २०१७ मधला एक प्रयोग आपल्या दावणीला बांधलेल्या गायींकडे पाहताना आठवत राहतो. वजन लावलेलं फाटक ढकललं तर गायीला कुरण मिळायचं. दुसऱ्या वेळी तसंच फाटक ढकललं तर ताजं खाद्य. वजन वाढवत नेलं. कुरणासाठी गायींनी निदान तेवढाच जोर लावला जेवढा खाद्यासाठी लावला.

आपल्याकडे कुरणं राहिली कुठे, हा प्रश्न कोणीही विचारेल आणि तो रास्त आहे. गायरानांवर वस्त्या, पाण्याच्या टाक्या, सौर प्रकल्प उभे राहिले. पण प्रयोगातून कळतं ते एवढं की खाणं म्हणजे गायीला नुसतं पोट भरणं नव्हे. शोधणं, ओरबाडणं, जिभेने गवताची जुडी वळवणं हे तिच्या अंगातलं काम आहे, आणि चरणारी गाय दिवसाचे आठ तास त्यात घालवते. आपण तिला तेच अन्न दोन तासांत संपेल असं देतो. उरलेला वेळ ती जीभ तोंडाबाहेर काढून हवेत वळवत राहते, साखळी चघळते, भिंत चाटते. गोठ्यात म्हणतात, खोड लागलीय. कधी त्यामागे फॉस्फरसची, मिठाची कमतरता असते आणि क्षार मिश्रणाने ती भागते. पण क्षार देऊनही जीभ फिरत राहिली तर समजावं की गायीला करण्याजोगं काही उरलेलं नाही. रात्री गव्हाणीत सुका कडबा असू द्यावा, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

वासरांवर स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे इथे एवढंच. व्याल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला तरच त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं वासराच्या रक्तात उतरतात. दिवस उलटला की आतडी ती घेत नाहीत. खरवस मलाही आवडतो. पण तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा करावा, तोही वासराचं भागल्यावर.

दुधाच्या प्रतीची गोष्ट फॅटपाशी संपत नाही. लासलगाव, निफाड भागात बाजारभाव कोसळला की सडका कांदा जनावरांपुढे ओतला जातो. कांद्याचा वास दुधाला लागतो हे तिथल्या गृहिणींना पाठ आहे, जास्त कांद्याने गायीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात हे तितकंसं ठाऊक नसतं. मुरघासाचाही वास उतरतो, म्हणून तो धारेच्या आधी न घालता नंतर घालावा. मात्र वास निदान कळतो. बुरशीचं विष कळत नाही.

अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. लोकांना भीती होती ती युरियाची, साबणाची, भेसळीची. भेसळीमुळे असुरक्षित निघालेले नमुने होते १२. अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेबाहेर गेलेले होते ३६८. हे विष दुधात कोणी घालत नाही. ओल्या गोदामात ठेवलेली सरकी किंवा शेंगदाणा पेंड, पावसात भिजलेला मका, यांवर बुरशी वाढते, तिचं विष गायीच्या पोटात जातं आणि एक-दोन दिवसांत दुधात उतरतं. उकळूनही जात नाही. बुरशीचं खाद्य बंद केलं तर काही दिवसांत दूध पुन्हा निवळतं, हा त्यातला दिलासा. मुरघास म्हणजे चाऱ्याचं लोणचं, असं शिबिरांत सांगतात आणि ते पटतं; पण बरणीतल्या लोणच्यावर पांढरा थर आला तर घरात ते कोणी पाहुण्याला वाढत नाही. मुरघासाच्या पिशवीला उंदराने भोक पाडलं, आत हवा शिरली, कडेचा मुठीएवढा भाग काळा-निळा पडला, तर तो हमखास भाकड गायीपुढे किंवा कालवडीपुढे टाकला जातो. तिचं दूध थोडंच जातंय डेअरीला, असा हिशेब. ती गाभण असते, याचा नाही.

ही निरीक्षणं कोण करणार, हा शेवटचा आणि मला सगळ्यात अवघड वाटणारा प्रश्न. गोठ्यात शेण काढते, आंबोण कालवते, वासराला पाजते ती बहुतेक घरांत बाई. शेण पातळ झालंय, कालची वैरण तशीच पडलीय, बांडी गाय आज मागेच उभी होती, हे तिला आधी कळतं. प्रशिक्षणाचं पत्र येतं ते सभासदाच्या नावाने, आणि सभासद म्हणून नाव असतं पुरुषाचं. पुस्तकातली भाषा शक्य तितकी गोठ्यातली ठेवलीय ती त्या बाईने ते वाचावं म्हणून. आंबोणाबद्दल मात्र तिच्याशीच माझं भांडण आहे: पेंड पाण्यात भिजवून पातळ केली की गाय ती न चावता गटकन पिते, लाळ सुटतच नाही. कोरडी पेंड कुट्टीवर टाकलेली बरी. धारेच्या वेळी मूठभर खाद्य पुढे असावं हे तिचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर. खाताना गायीला पान्हा चांगला फुटतो, हे प्रयोगांतही दिसून आलंय.

पुस्तकातले सगळे आकडे साधारण चारशे ते साडेचारशे किलो वजनाच्या संकरित गायीसाठी आहेत. खिलार, लाल कंधारी, देवणी यांना ते तसेच लावू नयेत. खाद्यात बदल करायचा तर एका वेळी एकच करावा आणि दहा-पंधरा दिवसांत हळूहळू आणावा, कारण पोटातल्या जीवांना तेवढा वेळ लागतो. म्हशीविषयी या पुस्तकात जवळजवळ काही नाही. तिच्या फॅटचं गणित वेगळं, डुंबण्याची गरज वेगळी, रुसणंही वेगळं. ते पुस्तक म्हशीच्या गोठ्यात उभ्या आयुष्याचा अनुभव असलेल्या कोणीतरी लिहायला हवं; लिहिलं तर पहिली प्रत मी विकत घेईन.